डॉक्टरीण गुरुबाई

मढहून होडीत बसलं की वर्सोवा लगेच येतं. गुरुबाई करमरकर शिकायला गेल्या त्या थेट अमेरिकेला. आगबोटीचा प्रवास, आठवडेच्या आठवडे पाणीच पाणी!

एवढ्या लांब कशाला? तर त्या काळी पुष्कळ घरांत बाईच्या अंगाला पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत. लाजेपायी बाया दुखणं अंगावर काढीत, बाळंतपणात मरत. बाईला बाईच डॉक्टर हवी होती.

आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या बायकांच्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या. पण पुढच्याच वर्षी त्या वारल्या. त्याच कॉलेजातून १८९२ साली गुरुबाई डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंचं नाव सगळ्यांना ठाऊक, गुरुबाईंचं थोड्यांना. आम्हांला हे बरं वाटत नाही.

गुरुबाई ख्रिस्ती होत्या. १८९३ साली पती सुमंतराव यांच्याबरोबर त्या परत आल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या कामाला लागल्या. तिथं त्यांनी २३ वर्षं औषधपाणी केलं. ज्यांना गावानं दूर ठेवलं, त्या जातींची गोरगरीब माणसं त्यांच्याकडे जास्त येत.

याच वर्षांत, १८९६ साली, मुंबईत प्लेग आला. काखेत, जांघेत गाठ यायची, अंग तापायचं. हजारो लोक शहर सोडून पळाले. गुरुबाईंचं काम चालूच होतं.