जमिनीच्या पोटांतील चित्र

खडकावर व वाळूवर बांधलेल्या दोन घरांचा दृष्टांत आमच्या वाचकांस परिचित आहेच. लूककृत शुभवर्तमानांतील शहाणा मनुष्य आधीं खोल खणतो व मग पाया घालतो. परंतु सर्व जागा खणून पाहणें शक्य नसतें. मग जमिनीच्या पोटांत काय आहे, हें इंजिनियरानें जाणावें कसें?

कॅनडांत विनिपेग शहराजवळ ट्रान्सकोना येथें १९१३ सालीं धान्याचें एक प्रचंड कोठार बांधून पूर्ण झालें. पायाच्या पातळीवरील माती तपासली असतां ती घट्ट आढळली होती; तिच्याखालीं मात्र मऊ चिकणमाती होती. धान्य भरलें जात असतां १८ ऑक्टोबर रोजीं कोठार खचूं लागलें व एका दिवसांत सुमारें २७ अंशांनीं कललें. इमारत मजबूत, म्हणून मोडली नाहीं. पुढें खालच्या खडकापर्यंत खांब नेऊन ती सरळ करण्यांत आली.

हल्लीं बांधकामापूर्वीं ठिकठिकाणीं बोअर घेऊन मातीचे नमुने काढतात. ६३.५ किलोग्रॅमचा घण ७५ सेंटिमीटर उंचीवरून पाडून, नळी ३० सेंटिमीटर आंत जाण्यास किती ठोके लागतात, हें मोजतात. ठोके थोडे लागले तर माती सैल अथवा मऊ, पुष्कळ लागले तर घट्ट. पण अशा आंकड्यांच्या अनेक कोष्टकांवरून सबंध जमीन डोळ्यांपुढें आणणें अनुभवी माणसासही कठीण जातें.

येथें मुलांच्या खेळांतील एक साधन कामीं आलें आहे. संगणकावरील खेळांत खेळाडू वळेल तसें नवें दृश्य क्षणार्धांत रेखाटणाऱ्या साधनास 'गेम इंजिन' म्हणतात. 'युनिटी' व 'अनरिअल' हीं त्यांतील प्रसिद्ध होत. प्रत्येक बोअरची जागा, खोली व थर त्यास पुरविले, म्हणजे पडद्यावर रंगीत स्तंभ उभे राहतात. मधले थर गणितानें जोडले जातात, आणि पायाचे खांब कोणत्या थरावर टेकतील, हें जणूं जमिनीच्या आंत फिरून पाहतां येतें. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे या संस्थेनें तर २०१४ सालीं ग्रेट ब्रिटनच्या भूस्तरांचा नकाशा 'माइनक्राफ्ट' या खेळाच्या ठोकळ्यांनीं रचून दाखविला.

तथापि एक गोष्ट विसरतां कामा नये. माती खरोखर पाहिलेली असते ती बोअरच्या जागींच. दोन बोअरांमधील सारें अनुमान होय. चित्र जितकें मोहक, तितका हा भेद विसरण्याचा धोका अधिक. म्हणून अनुमानाचा भाग फिक्या रंगानें दाखवावा, आणि जेथें शंका असेल तेथें नवा बोअर घ्यावा. ट्रान्सकोना येथें वरची घट्ट माती पाहूनच खालच्या मातीविषयीं निश्चिंतता बाळगली गेली. सुंदर चित्रही तशीच निश्चिंतता उत्पन्न करूं शकेल.

संगणकावरील खेळ म्हणजे केवळ कालापव्यय, असें पालकांनीं सरसकट मानूं नये, असें आम्हांस वाटतें. विद्यार्थ्यांनीं मात्र नुसतें खेळून न थांबतां त्यामागील भूमिति व गणित शिकावें. पुढें त्यांच्यापैकीं कोणी पूल अथवा शाळा बांधील, तेव्हां त्या छपराखालील माणसांचें जीवित त्याच्या या ज्ञानावर व सावधगिरीवर अवलंबून राहील.