माळ्यावरचं स्पिटफायर

प्लॅस्टिकचं जुनं मॉडेल विमान माळ्यावरून खाली आलं की त्याची दशा बघवत नाही. डेकल्स (चिकटवायची चिन्हं) पिवळी पडलेली, रंगाचे थर थापलेले, सांध्यांतून गोंद ओघळलेला, पुढचा पंखा मोडलेला. पण ही बहुतेक पडझड वरवरची असते. आतलं पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक पन्नास वर्षांनीही बहुधा शाबूत असतं. त्यामुळे डागडुजीतला मोठा भाग जुनं उतरवण्याचा आहे. उतरवताना दर टप्प्याला एकच प्रश्न विचारायचा: हे द्रव रंगाला खाईल की प्लॅस्टिकला?

उदाहरण म्हणून एअरफिक्सचं १/७२ प्रमाणातलं स्पिटफायर मार्क ९ हे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान घेऊ. या ब्रिटिश कंपनीचं पहिलं स्पिटफायर १९५३ सालचं. वूलवर्थच्या दुकानांत ते दोन शिलिंगांना मिळे. मार्क ९ त्यानंतरचं. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ११.२३ मीटर, तर मॉडेलचा साधारण साडेपंधरा सेंटीमीटर. म्हणजे सगळं काम तळहातावर मावणारं.

आधी चहूबाजूंनी फोटो काढावेत आणि काय मोडलंय, काय हरवलंय याची यादी करावी. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ टूथब्रशनं धूळ काढावी. कढत पाणी टाळायचं, कारण पातळ पंख त्यात वाकडे होतात.

आता सांधे. ट्यूबमधला गोंद कागदाच्या गोंदासारखा नुसता चिकटत नाही. त्यातलं द्रावक दोन्ही बाजूंचं पॉलिस्टायरीन विरघळवतं आणि ते उडून गेलं की दोन भाग एकजीव होतात. पण त्या काळी मुलं हा गोंद सढळ हातानं लावत. असा जाड थर पुढे ठिसूळ होतो. मॉडेल पिशवीत घालून काही तास फ्रीजरमध्ये ठेवलं की तो आणखी ठिसूळ होतो. बाहेर काढल्यावर हलक्या हातानं पीळ दिला तर पुष्कळदा ‘टक्’ आवाज होऊन सांधा सुटतो. नाही सुटला, तर फटीतून सुरीचं पातं हळूहळू फिरवावं. तरीही हलत नसेल, तर सांधा खरोखर एकजीव झालाय असं समजून सोडून द्यावा. बळजबरी केली तर सांध्याऐवजी शेजारचं प्लॅस्टिक तुटतं. वैमानिकाच्या जागेवरचं पारदर्शक झाकण, म्हणजे कॅनपी, सगळ्यात आधी सोडवून बाजूला ठेवावी. पुढची रसायनं कॅनपीसाठी नाहीत.

रंग उतरवताना नेमका तोच प्रश्न समोर येतो. थिनर, अ‍ॅसिटोन आणि पेट्रोल रंग काढतात खरे, पण सोबत विमानही विरघळवतात. जुना इनॅमल रंग तेलाच्या जातीचा असतो. कॉस्टिक सोडा त्या तेलाचा साबण करतो, रंगाची पकड सुटते आणि पॉलिस्टायरीनला धक्का लागत नाही. प्लॅस्टिकच्या डब्यात थंड पाणी घेऊन त्यात सोडा थोडा थोडा टाकायचा. सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चालणार नाही, कारण सोडा त्याला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. मॉडेल रात्रभर बुडवून ठेवलं की सकाळी रंग ब्रशनं निघतो. कोपऱ्यात अडकलेला रंग टूथपिकनं काढावा. रंग अ‍ॅक्रिलिक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. कुठलंही रसायन आधी चाकाच्या खोबणीत थेंबभर लावून पाहावं.

उघड्या प्लॅस्टिकवर आता गोंदाचे वळ आणि बोटांचे ठसे दिसतात. खड्डे पुट्टीनं भरावेत, मोठी फट असेल तर एम-सीलनं. मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासावं: आधी ४००, मग ६००, शेवटी १०००. जुन्या साच्यांवर रिव्हेट उठावदार असतात. खऱ्या विमानावर ते असे टपोरे नव्हते, पण सगळे घासून टाकायची गरज नाही. तो त्या किटचा स्वभाव आहे. हरवलेल्या बारीक नळ्या स्प्रूपासून बनतात. सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तो स्प्रू मेणबत्तीच्या आचेपासून जरा वर धरून मऊ करायचा आणि ओढायचा. हवी तेवढी बारीक तार मिळते. त्यानंतर राखाडी प्रायमर. घासायची राहिलेली प्रत्येक ओळ तो चहाडी केल्यासारखी दाखवून देतो.

रंगसंगती निवडताना मराठी वाचकाला एक जवळची वाट आहे. ब्रिटिश हवाई दलाची १३२ क्रमांकाची स्क्वाड्रन ‘सिटी ऑफ बॉम्बे’ या नावानं ओळखली जाई. १९४४ मध्ये नॉर्मंडीवर ती स्पिटफायर मार्क ९ उडवत होती. त्या वेळचा तिचा प्रमुख जेफ्री पेज १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये होरपळूनही पुन्हा उडायला लागला होता. तिच्या विमानांचे रंग असे: पोटाला फिकट राखाडी, पाठीवर गडद राखाडी आणि हिरवा. जून १९४४ चं, म्हणजे नॉर्मंडीच्या चढाईच्या वेळचं विमान करायचं तर ओळखीसाठी पंखांवर आणि शेपटीकडच्या धडावर तीन पांढरे, दोन काळे पट्टे हवेत. खरा पट्टा १८ इंचांचा, म्हणजे १/७२ मध्ये बरोबर पाव इंच. आधी सगळा भाग पांढरा करावा, मग मास्किंग टेप लावून काळे पट्टे काढावेत.

डेकल लावण्याआधी चकचकीत वार्निश लागतं, कारण खरखरीत रंगावर डेकलखाली हवा अडकून चंदेरी डाग उठतो. पेटीतलं जुनं डेकल पिवळं पडलं असेल तर पिशवीत घालून खिडकीच्या काचेवर आतून चिकटवावं. उन्हानं ते बरंचसं उजळतं. डेकल वाळलं की मॅट वार्निश. कॅनपी टूथपेस्टनं चोळून फेविकॉलनं बसवावी. सुपरग्लूची वाफ तिला धुरकट करते; फेविकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो.

तयार विमान मात्र खिडकीपासून दूर, सावलीतल्या कपाटात ठेवावं. डेकलचा पिवळेपणा घालवणारं ऊनच पॉलिस्टायरीन पिवळं आणि ठिसूळ करतं.