एक धावपट्टी, दोन पाळ्या

गिरणीत एकाच साच्यावर दोन पाळ्या चालत. पहिल्या पाळीने साफसफाई टाळली, की दुसऱ्या पाळीच्या माणसाला त्याची झळ लागे. असे तंटे आम्ही पुष्कळ सोडविले आहेत. म्हणूनच गोव्यातील दाबोळी विमानतळाचा इतिहास आम्हांला परका वाटला नाही. तेथे आरमार आणि सामान्य उतारू यांची धावपट्टी एकच आहे.

हा विमानतळ अडवणुकीतून जन्मला. भारताने नाकेबंदी केल्यावर मुरगाव बंदराजवळच्या पठारावर पोर्तुगीज सरकारने तो 1955 साली सुरू केला. तेथून दमण, दीव आणि कराचीकडे विमाने जात. त्याच वर्षी 15 ऑगस्टला गोव्याच्या सरहद्दीवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्याचे पडसाद आपल्या मुंबईत उमटले.

18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय हवाई दलाच्या 12 कॅनबेरा विमानांनी दाबोळीवर बाँब टाकले. हुकूम असा होता, की धावपट्टी फोडा, पण इमारतींना धक्का लावू नका. कारण उघड आहे. धावपट्टीचे खड्डे बुजविता येतात, आणि उद्या तो तळ आपलाच व्हायचा होता. तरीही त्या रात्री दोन प्रवासी विमाने उरल्यासुरल्या पट्टीवरून उडून कराचीला निसटली. 19 तारखेला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली.

एप्रिल 1962 मध्ये तळ आरमाराच्या हाती गेला. पुढे कोइमतूरहून ‘हंसा’ हा आरमारी हवाई तळ तेथे आला. नागरी विमानेही उतरू लागली. परंतु नागरी खात्याकडे राहिले ते उतारूंचे आवार. धावपट्टी व विमानांचे नियंत्रण आरमाराकडेच राहिले. अनेक वर्षे सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास वैमानिकांच्या सरावासाठी राखून ठेवलेले असत. नवशिक्याला गर्दीत शिकविता येत नाही, हे खरे. पण मग प्रवासी विमानांची गर्दी दुपारी व रात्री होई, हेही तितकेच खरे.

डिसेंबर 2022 मध्ये उत्तर गोव्यात मोपा येथील नव्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले, आणि जानेवारी 2023 पासून तेथे विमाने येऊ लागली. दाबोळी चालूच राहील असे सरकार सांगते. पण दक्षिण गोव्यातील टॅक्सीवाल्यांची धास्ती गेलेली नाही. विमाने दुसरीकडे वळली, तर त्यांची रोजी बुडते.

आमचे म्हणणे एवढेच. संरक्षणाची गरज नाकारण्याचे कारण नाही, उताऱ्याचा हक्कही नाही. मात्र वेळापत्रक ठरविणाऱ्या बैठकीत दोन खात्यांबरोबर तिसरी खुर्चीही हवी. त्या पट्टीच्या आधारावर ज्याची चूल पेटते, त्या माणसाची. साच्यावर दोन पाळ्या सुखाने चालत, त्या करार लेखी असला आणि कामगाराला विचारलेले असले, तरच.