युरोपातील युद्धे – लेखांक चौथा : क्रिमिया, १८५३–५६

क्रिमियाच्या युद्धाचे निमित्त एका चावीचे होते. बेथलेहेम येथे येशूच्या जन्मस्थानी जे चर्च आहे, त्याच्या मुख्य दरवाजाची चावी कॅथलिक भिक्षूंकडे असावी की ऑर्थोडॉक्स भिक्षूंकडे, हा वाद जुनाच. जेरुसलेम आणि बेथलेहेम तेव्हा तुर्की सुलतानाच्या अमलाखाली असल्याने निवाडा त्याच्याकडे होता. फ्रान्सच्या गादीवर बसलेल्या तिसऱ्या नेपोलियनला घरच्या कॅथलिकांची मर्जी राखायची होती. रशियाचा झार पहिला निकोलस स्वतःला ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा पालक समजत होता. १८५२ च्या अखेरीस सुलतानाने कौल कॅथलिकांच्या बाजूने दिला आणि झार संतापला.

चावीसाठी साम्राज्ये लढत नाहीत. रशियाचे गहू ओडेसा बंदरातून बॉस्फरसच्या सामुद्रधुनीमार्गे बाहेर पडत, आणि तो दरवाजा दुबळ्या होत चाललेल्या तुर्कस्तानच्या हाती होता. तुर्की साम्राज्य मोडकळीला आले आहे, वाटणीचा विचार आधीच करून ठेवावा, असे निकोलसने जानेवारी १८५३ मध्ये ब्रिटिश राजदूताला बोलून दाखवले. रशिया भूमध्य समुद्रात उतरला तर हिंदुस्थानच्या वाटेवर येईल, ही लंडनची कायमची धास्ती होती. वाटाघाटीसाठी झारने मेन्शिकोव्ह नावाचा ताठर सरदार कॉन्स्टँटिनोपलला धाडला. सुलतानाच्या ऑर्थोडॉक्स प्रजेवर रशियाचे पालकत्व मान्य करा, ही त्याची मागणी म्हणजे राज्यात दुसरा राजा मान्य करण्यासारखेच होते. ती फेटाळली गेली. जुलैमध्ये रशियन फौजा मोल्डेव्हिया व वालाचिया या डॅन्यूबकाठच्या प्रांतांत घुसल्या आणि ऑक्टोबरमध्ये तुर्कस्तानने युद्ध पुकारले.

३० नोव्हेंबर १८५३ रोजी ॲडमिरल नाखिमोव्हने सिनोप बंदरात नांगरलेला तुर्की काफिला जाळून टाकला. लाकडी जहाजांत शिरून फुटणाऱ्या तोफगोळ्यांपुढे त्यांचा निभाव लागला नाही. युद्ध चालू असताना शत्रूची जहाजे बुडवणे यात गैर काही नव्हते. तरीही लंडनच्या वृत्तपत्रांनी या लढाईला कत्तल ठरवून लोकमत पेटवले. मार्च १८५४ मध्ये ब्रिटन व फ्रान्स युद्धात उतरले.

यानंतर जे घडले ते विचित्र आहे. ऑस्ट्रियाने दटावल्यामुळे रशियाने उन्हाळ्यातच ते दोन्ही प्रांत सोडायला सुरुवात केली, म्हणजे भांडणाचे उघड कारणच उरले नाही. पण वर्ना येथे जमलेल्या आणि पटकीने पोखरलेल्या दोस्त फौजा हात हलवत परत नेणे दोन्ही सरकारांना झेपणारे नव्हते. मग रशियाच्या काळ्या समुद्रातील आरमाराचा तळ, सेवास्तोपोल, हे लक्ष्य ठरले. १४ सप्टेंबरला दोस्त फौजा क्रिमियाच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि २० तारखेला आल्मा नदीकाठी त्यांनी रशियनांना मागे रेटले. त्यांच्याकडील मिनिए रायफल लांबून अचूक मारा करी, तर बहुतेक रशियन शिपायांच्या हाती जुन्याच बंदुका होत्या. तरीही शहरावर लगेच चाल करण्याऐवजी दोस्तांनी वळसा घालून दक्षिणेकडून वेढ्याची तयारी सुरू केली. तेवढ्या अवधीत टोटलेबेन या अभियंत्याने सैनिक, खलाशी आणि नगरवासी यांना हाताशी धरून मातीचे भक्कम बुरूज उभे केले. काही आठवड्यांचे काम अकरा महिने लांबले.

२५ ऑक्टोबरच्या बालाक्लाव्हाच्या लढाईत हलक्या घोडदळाचे सुमारे ६७० स्वार चुकीच्या खोऱ्यात, तीन बाजूंनी तोफा असताना, घुसवले गेले. टेकडीवरून सेनापती लॉर्ड रॅग्लनला जे दिसत होते, ते खाली उभ्या अधिकाऱ्यांना दिसत नव्हते आणि हुकूम मोघम होता. या प्रसंगावर कवितेपासून चित्रपटापर्यंत बरेच काही झाले. युद्धाच्या निकालावर मात्र त्याचा फारसा परिणाम झाला नाही. ५ नोव्हेंबरला इंकरमनच्या धुक्यात झालेली लढाई त्याहून कितीतरी रक्तरंजित होती.

खरा घात केला तो वाटेने. बालाक्लाव्हा बंदरापासून पठारावरच्या छावण्यांपर्यंतचे अंतर अवघे काही मैल. १४ नोव्हेंबरच्या वादळात गरम कपड्यांनी भरलेले ‘प्रिन्स’ हे जहाज बुडाले, पावसाने वाटेचा चिखल झाला, चाऱ्यावाचून घोडी मेली आणि बंदरात माल पडून असताना वर शिपाई उपाशी राहू लागले. त्यांना मिळणारी कॉफी न भाजलेल्या, हिरव्या बियांची होती. भाजायला सरपण नाही, दळायला साधन नाही. शिपाई त्या बिया तोफगोळ्याच्या तुकड्यांनी कुटत. रक्तपितीवरचा उतारा म्हणून आलेला लिंबाचा रस डिसेंबरमध्ये बंदरात पोहोचला, पण वाटण्याचा हुकूम नाही म्हणून फेब्रुवारीपर्यंत कोठारातच राहिला. कारकुनीने इतकी माणसे मारल्याची उदाहरणे युद्धांच्या इतिहासात थोडीच सापडतील.

हे सारे ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल लंडनला कळवत होता. जानेवारी १८५५ च्या अखेरीस ॲबरडीनचे मंत्रिमंडळ कोसळले व पामर्स्टन पंतप्रधान झाला. कंत्राटदारांनी मजूर आणून बालाक्लाव्हापासून छावणीपर्यंत रेल्वे टाकली. काम फेब्रुवारीत सुरू झाले आणि मार्चअखेर तोफगोळे रुळांवरून वर जाऊ लागले. एप्रिलमध्ये समुद्राखालून तारही आली. रशियाच्या बाजूला मॉस्कोच्या दक्षिणेला रेल्वेच नव्हती. स्वतःच्याच देशात लढणाऱ्या फौजेची रसद बैलगाड्यांवर होती.

कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या स्कुटारी येथील इस्पितळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह नोव्हेंबर १८५४ मध्ये आली. तिच्या आगमनाने मृत्यू लगेच थांबले नाहीत. उलट हिवाळ्यात ते वाढत गेले, कारण इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने ती उपसल्यावर आकडे झपाट्याने उतरले. नाइटिंगेलचे मोठेपण दिव्याइतकेच पुढे तिने या आकड्यांचा जो पाठपुरावा केला त्यात आहे. सेवास्तोपोलच्या आत पिरोगोव्ह हा शल्यविशारद जखमींची गंभीरतेनुसार वर्गवारी करून उपचार करत होता, त्याला मात्र तिच्या मानाने फार थोडी प्रसिद्धी मिळाली.

मार्च १८५५ मध्ये निकोलस वारला. १८ जूनचा दोस्तांचा हल्ला फसला. त्याच उन्हाळ्यात नानासाहेब पेशव्यांचा वकील अजीमुल्ला खान, पेन्शनचे काम लंडनमध्ये फसल्यावर, परतीच्या वाटेवर मुद्दाम ही छावणी पाहायला आला होता. रसेलची त्याची भेट झाली. दोन वर्षांनी कानपुरात जे घडले, त्याआधी त्याने इंग्रजांना हतबल झालेले पाहिले होते, एवढे नक्की.

८ सप्टेंबरला फ्रेंचांनी मालाखोव्ह बुरूज घेतला आणि रशियनांनी शहराचा दक्षिण भाग सोडला. ३० मार्च १८५६ च्या पॅरिस तहाने काळ्या समुद्रात रशिया व तुर्कस्तान दोघांनाही आरमार ठेवण्यास बंदी झाली. ब्रिटनची सुमारे २१ हजार माणसे गेली. त्यांतली लढाईत वा जखमांनी मेलेली पाच हजारही नव्हती, उरलेली रोगांनी नेली. फ्रान्सची ९५ हजारांच्या आसपास गेली. रशियाच्या हानीचे अंदाज साडेचार लाखांपर्यंत जातात.

पराभवाने रशियाला आपले मागासलेपण दिसले. १८६१ मध्ये भूदासांची मुक्तता झाली, पाठोपाठ सैन्य व न्यायव्यवस्थेतील सुधारणा आल्या. रशियाची मैत्री गमावलेला ऑस्ट्रिया एकाकी पडला, आणि इटली व जर्मनीच्या एकीकरणाला त्याचा मोठा हातभार लागला. रशियन अंबाडी मिळेनाशी झाल्याने स्कॉटलंडमधील डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागाकडे अधिकाधिक वळल्या. ज्या तुर्कस्तानसाठी हे सारे केले, त्याला मात्र कर्जाचा नाद लागला. पहिले परदेशी कर्ज त्याने याच युद्धात काढले आणि १८७५ मध्ये दिवाळे जाहीर केले.

काळ्या समुद्रातील आरमारबंदी चौदा वर्षे टिकली. १८७० च्या शरद ऋतूत, फ्रान्स प्रशियाशी लढण्यात गुंतलेला पाहून, रशियाने ती झुगारून दिली. ते युद्ध पुढील लेखांकाचा विषय आहे.

(क्रमशः)