बाणाला हात लावू नका!

सप्टेंबर २०२३, मेक्सिकोतलं एर्मोसिलो शहर. तिरंदाजी वर्ल्ड कपच्या सुवर्णपदकासाठी बुलढाण्याचा प्रथमेश जवकार आणि डेन्मार्कचा मॅथियास फुलर्टन समोरासमोर. पंधरा-पंधरा बाण झाले, दोघांचे गुण १४८. मग एकेक जादा बाण. दोघांचाही दहात! शेवटी मध्याच्या अधिक जवळ कोणाचा, एवढंच पाहिलं गेलं. तो फुलर्टनचा निघाला आणि प्रथमेशला रौप्य मिळालं. त्याच वर्षी मे महिन्यात शांघायला प्रथमेशने जगातल्या अव्वल माइक श्लोएसरला हरवलं होतं, तेही १४९-१४८ असं.

एवढ्याशा फरकाने कबड्डीचा सामना गेला असता, तर अर्धं गाव पंचाभोवती जमलं असतं. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये तर अंपायरशी हुज्जत घालणं हा मॅनेजरच्या, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या, कामाचाच भाग समजतात. अटलांटाच्या संघाचे मॅनेजर म्हणून गाजलेल्या बॉबी कॉक्स यांना साखळी सामन्यांतच १५८ वेळा मैदानाबाहेर काढलं गेलं! तिरंदाज फार सभ्य असतात म्हणून त्यांच्याकडे हे होत नाही, असं मला वाटत नाही. भांडायला जागाच ठेवलेली नाही.

प्रथमेश वापरतो त्या कंपाऊंड धनुष्याचं लक्ष्य ५० मीटरवर, आणि त्यातलं दहाचं वर्तुळ अवघं ८ सेंटीमीटर व्यासाचं. बाण नेमका रेषेवर लागला तर? रेषेला नुसता स्पर्श झाला तरी वरचा गुण, हे आधीच ठरलेलं. स्पर्श झाला की नाही यावरच मतभेद असेल, तर पंचाला बोलवायचं. तोवर बाणाला किंवा कागदाला कोणी बोटही लावायचं नाही. पंच येतो, भिंग काढतो, बाणाच्या एका बाजूने पाहतो, मग दुसऱ्या बाजूने. कागद फाटून रेषाच उडाली असेल, तर ती कुठून गेली असती हे मनाशी धरून निर्णय देतो. दहा, नाहीतर नऊ. या निर्णयावर अपील नाही.

म्हणून संघाने तोंड बंदच ठेवायचं असंही नाही. इतर बाबतींत नियम चुकीचा लावला गेला असं वाटलं, तर लेखी दाद मागता येते आणि ती ऐकायला वेगळी समिती असते. गंमत म्हणजे बेसबॉलच्या नियमांतही मुळात हीच वाटणी आहे: पंचाच्या नजरेचा निर्णय अंतिम, नियम लावण्यातली चूक मात्र मॅनेजरने दाखवावी. पण तिथला चेंडू क्षणात निघून जातो आणि भांडण मागे उरतं. बाण बिचारा रुतलेलाच असतो, साक्षीला.

गावोगावी स्पर्धा भरवणाऱ्यांनी यातलं एक तरी उचलावं. सामना सुरू होण्याआधी दोन्ही प्रशिक्षकांना बोलावून कशावर दाद मागता येईल, कशावर नाही आणि मैदानात पंचाशी बोलणारा एकच माणूस कोण, हे ठरवून घ्या. शिट्टी त्यानंतर वाजवा.