विश्लेषण : युरोपात इंग्रजीतून पदवी मिळते, पण कुणाला आणि कोणत्या अटींवर?

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा येथील शुल्क आणि व्हिसाचे बदलते नियम पाहून बारावीनंतर परदेशी जाऊ इच्छिणारे अनेक विद्यार्थी आता जर्मनी, इटली, नेदरलँड्स या देशांकडे वळत आहेत. ‘शिक्षण इंग्रजीतून, शुल्क नाममात्र’ हे त्यामागचे मोठे आकर्षण. हे वाक्य खोटे नाही. मात्र ते पदव्युत्तर शिक्षणाला जेवढे लागू पडते, तेवढे पदवीला पडत नाही.

जर्मनीत इंग्रजी अभ्यासक्रम किती?

पदव्युत्तर पातळीवर भरपूर, पदवी पातळीवर मोजके. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा अर्थात ‘डाड’च्या संकेतस्थळावर आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांची यादी आहे. तिथे ‘बॅचलर’ आणि ‘केवळ इंग्रजी’ असे दोन पर्याय निवडले की यादी झपाट्याने आखडते. उरलेल्यांत खासगी संस्था बऱ्याच दिसतात आणि त्यांचे शुल्क सरकारी विद्यापीठांसारखे नाममात्र नसते. काही अभ्यासक्रमांची पहिली दोन सत्रे इंग्रजीत आणि पुढचा भाग जर्मनमध्ये असतो. ही बाब अभ्यासक्रमाच्या मूळ पानावर तळाशी लिहिलेली असते. माहितीपत्रकात ती सापडेलच असे नाही.

बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे का नाही?

भारतातील बारावी ही जर्मनीतील शालान्त परीक्षेच्या समकक्ष मानली जात नाही. थेट प्रवेशासाठी साधारणतः दोन मार्ग आहेत. पहिला, भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करून त्याच शाखेसाठी अर्ज करणे. दुसरा, ‘जेईई अ‍ॅडव्हान्स्ड’ उत्तीर्ण होऊन अभियांत्रिकी किंवा विज्ञान शाखा घेणे. दोन्ही नसेल तर ‘श्टुडिएनकोलेग’ हा वर्षभराचा पूर्वतयारी वर्ग आणि त्याची अंतिम परीक्षा. हे वर्ग बहुतांशी जर्मन भाषेत चालतात आणि त्यांच्या प्रवेशालाच बी-१ किंवा बी-२ पातळीचे जर्मन लागते. म्हणजे इंग्रजी पदवीच्या शोधात निघालेल्या विद्यार्थ्याची वाट अनेकदा मॅक्सम्युलर भवनाच्या वर्गातूनच जाते.

याखेरीज १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ‘एपीएस’ हे कागदपत्र पडताळणीचे प्रमाणपत्र व्हिसासाठी सक्तीचे झाले आहे. त्याचे शुल्क १८ हजार रुपये. त्याला लागणारा वेळ, बारावीचा निकाल आणि हिवाळी सत्रासाठी अनेक विद्यापीठांची असलेली १५ जुलैची मुदत यांची सांगड घालताना पालकांची तारांबळ उडते.

‘मोफत’ म्हणजे नेमके काय?

बहुतेक जर्मन राज्यांत सरकारी विद्यापीठे शिकवणी शुल्क घेत नाहीत, हे खरे. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून पदवीसाठी सत्राला २ ते ३ हजार युरो आकारणी सुरू केली. शुल्क माफ असले तरी निर्वाहासाठी वर्षाला ११,९०४ युरो बंद खात्यात आधीच भरावे लागतात. युरोचा भाव १०० रुपये धरला तरी ही रक्कम १२ लाखांच्या आसपास जाते. ती महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे विद्यार्थ्यालाच परत मिळते. पण निघण्यापूर्वी ती एकरकमी उभी करावी लागते आणि मध्यमवर्गीय घरात नेमकी अडचण तिथेच येते.

राज्य सरकारची मदत इथे फारशी उपयोगी पडत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही तशीच. हंगेरी सरकारची ‘स्टायपेंडियम हंगारिकम’ मात्र पदवी अभ्यासक्रमांनाही लागू आहे.

इटलीचे गणित वेगळे कसे?

इटलीत १२ वर्षांचे शालेय शिक्षण सर्वसाधारणपणे चालते, त्यामुळे बारावीनंतर थेट अर्ज करता येतो. सरकारी विद्यापीठांत शुल्क कुटुंबाच्या ऐपतीनुसार ठरते. पालकांचे उत्पन्न, बँकेतील शिल्लक, घराचे क्षेत्रफळ यांवरून एक निर्देशांक काढला जातो आणि तो ठरावीक मर्यादेखाली असल्यास शुल्क जवळपास माफ होते. प्रादेशिक शिष्यवृत्तीही याच आधारावर मिळते. अट एवढीच, की हे सारे दाखले अपोस्टिल करून, इटालियन भाषांतरासह, मुदतीत पोहोचले पाहिजेत. इथे एका कागदाच्या उशिरानेही शिष्यवृत्ती हुकू शकते. काही विद्यापीठे मात्र परदेशी विद्यार्थ्यांना देशनिहाय सरसकट शुल्क लावतात, तेव्हा प्रत्येकाचा नियम वेगळा पाहावा लागतो.

उलट टोकाचे उदाहरण चेक प्रजासत्ताकाचे. तेथील सरकारी विद्यापीठांत चेक भाषेतून शिकणाऱ्याला, तो कोणत्याही देशाचा असो, शिकवणी शुल्क नाही. तोच अभ्यासक्रम इंग्रजीतून घेतला की शुल्क लागू होते. इंग्रजीची किंमत इतकी उघडपणे क्वचितच मोजलेली दिसते.

इंग्रजी अभ्यासक्रम टिकतील का?

याची हमी कोणी देऊ शकत नाही. मिलानच्या पॉलिटेक्निकने २०१४ पासून सर्व पदव्युत्तर शिक्षण केवळ इंग्रजीत देण्याचे २०१२ मध्ये ठरवले, तेव्हा तेथील प्राध्यापकच न्यायालयात गेले. इटालियनला पूर्णपणे हद्दपार करता येणार नाही, असा निर्वाळा घटनात्मक न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. डेन्मार्कने २०२१ मध्ये इंग्रजी अभ्यासक्रमांतील जागा घटवण्याचा निर्णय घेतला. नेदरलँड्समध्ये इंग्रजी पदवी अभ्यासक्रमांची संख्या एकेकाळी झपाट्याने वाढली. मग घरांची टंचाई आणि डच भाषेची पीछेहाट हे राजकीय मुद्दे बनले आणि इंग्रजीला आवर घालणारे विधेयक मे २०२४ मध्ये संसदेत आले. नॉर्वेने भाषा बदलली नाही, पण २०२३ पासून युरोपबाहेरच्यांना शुल्क लावले. आपल्याकडे मराठी शाळांवरून जी चर्चा चालते, तिचेच हे युरोपीय रूप म्हणता येईल.

वैद्यकीय शिक्षणाचे काय?

इटलीतील पाव्हिया, बोलोन्या, पादुआ अशा जुन्या विद्यापीठांत सहा वर्षांचा इंग्रजी वैद्यकीय अभ्यासक्रम आहे. पण परत येऊन भारतात व्यवसाय करायचा असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम पाळावे लागतात : किमान ५४ महिन्यांचे शिक्षण, माध्यम इंग्रजी, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता आणि त्या देशातही व्यवसायाच्या परवान्यास पात्रता. ‘नीट’ तर आधीच उत्तीर्ण हवी. पुस्तके इंग्रजीत असली तरी वॉर्डातला रुग्ण पोट कुठे दुखते हे त्याच्या भाषेतच सांगणार. त्यामुळे तिसऱ्या वर्षापर्यंत स्थानिक भाषा कामचलाऊ येणे भाग पडते.

माहिती कुठे पडताळावी?

जर्मनीसाठी ‘डाड’ आणि तेथील कुलगुरूंच्या परिषदेचे ‘होखशूलकोम्पास’, इटलीसाठी ‘युनिव्हर्सइटाली’, फ्रान्ससाठी ‘कॅम्पस फ्रान्स’, नेदरलँड्ससाठी ‘स्टडी इन एनएल’ ही अधिकृत ठिकाणे आहेत. सल्लागार ज्या संस्थेचे नाव सुचवतो ती इथे सापडते का, हे पाहायला दहा मिनिटे लागतात. अनेक सल्लागारांना संस्थांकडूनच दलाली मिळते, आणि ती देणाऱ्या संस्था बहुधा खासगी असतात. विद्यापीठाला ई-मेल करून तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : शेवटच्या सत्रापर्यंत माध्यम इंग्रजीच आहे का, महाराष्ट्र मंडळाची बारावी चालते का, आणि शुल्क पदवी पूर्ण होईपर्यंत तेवढेच राहील का. नेदरलँड्समध्ये मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमांची मुदत १५ जानेवारीलाच संपते. तेव्हा महाराष्ट्रात बारावीची लेखी परीक्षाही सुरू झालेली नसते.