टीव्हीवरचा डाग कुणाचा?

दिवाळीच्या साफसफाईत आईने विचारलं, "टीव्हीच्या खालच्या बाजूला हा मळकट पट्टा कसला रे? पुसून जातच नाही." बाबांनी लगेच निकाल दिला, "त्या गेममुळे!" दादाचा मुलगा आठवीत आहे, शाळेतून आला की फुटबॉलचा गेम लावतो. मीही त्याला बरंच सुनावलं आणि कन्सोल कपाटावर ठेवून दिला. लिंबायतच्या आमच्या घरातला हा ओलेड टीव्ही हप्त्यांवर घेतलेला, शेवटचा हप्ता नुकताच फिटलेला. राग येणारच.

रात्री मी पडद्यावर नुसता राखाडी रंग लावून पाहिला. वरच्या कोपऱ्यात गेमच्या स्कोअरची अगदी पुसट खूण होती. पण खालचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत होता, आणि त्याच्या शेजारी एका वृत्तवाहिनीचा लोगो! बाबा सकाळपासून बातम्या लावून बसतात, त्यातली ती लाल पट्टी.

ओलेडमध्ये मागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि जितका उजळतो तितका झिजतो. कापड मार्केटमधल्या दुकानाच्या काचेत लावलेली साडी जिथे ऊन लागतं तिथेच विटते ना, तसंच हे. एकच चित्र, एकाच जागी, भडक प्रकाशात, तासन् तास. मग ते गेमचं असो की बातम्यांचं. साध्या एलईडी टीव्हीत प्रकाश मागच्या दिव्यांचा असतो, म्हणून तिथे राहिलेली पुसट छाया बहुधा थोड्या वेळाने निघून जाते. जुन्या काचेच्या ट्यूबलाही हा रोग होताच. १९८० च्या पॅक-मॅनच्या कितीतरी मशीनवर तो चक्रव्यूह कायमचा उमटला होता.

कॅनडातल्या आरटिंग्ज या चाचणी करणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये एकाच मॉडेलचे सहा ओलेड टीव्ही रोज २० तास चालवले. सीएनएन भडक प्रकाशात लावलेल्या टीव्हीवर डाग उमटला. फिफाच्या टीव्हीवरही उमटला. कॉल ऑफ ड्यूटीच्या टीव्हीवर मात्र जाणवण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा सरसकट "गेममुळे" म्हणणं चूकच.

आता माझी चूक. झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आईला मीच लावली होती, वीज वाचावी म्हणून. ओलेड टीव्ही रिमोटने बंद केल्यावर काही मिनिटं स्वतःच ठिपक्यांची झीज मोजून ती सावरून घेतो. बऱ्याच मॉडेलमध्ये साधारण ४ तास वापर झाला की हे काम होतं, पण त्यासाठी वीज चालू हवी. आम्ही रोज रात्री तेच तोडत होतो. मी इंजिनिअर, आणि माहितीपुस्तिका उघडलीसुद्धा नव्हती!

आता बटण चालू असतं, फक्त विजा कडाडल्या तर प्लग काढतो. ब्राइटनेस कमी केलाय. लोगो मंद करण्याची आणि चित्र किंचित सरकवण्याची सोय सुरू आहे. गेममध्ये स्कोअर लपवता येतो, तोही पुतण्याने लपवलाय.

पट्टा मात्र गेला नाही. वॉरंटीत असा डाग बहुतेक वेळा धरत नाहीत, आणि पॅनल बदलायला जवळपास नव्या टीव्हीइतका खर्च येतो. कन्सोल मी दुसऱ्याच दिवशी खाली काढला, पुतण्याला सॉरी म्हणालो. त्याने एवढंच विचारलं, "काका, मग आजोबांचा रिमोट कपाटावर कधी ठेवायचा?"

बाबा आता दिवसभराच्या बातम्या मोबाइलवर बघतात. रात्री नऊच्या तेवढ्या टीव्हीवर.